तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलबेसच्या १०२० फाइल्सचा हिशोब

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्यात बुद्धिबळाचा फिडे वर्ल्ड कप झाला, आणि त्यानंतर एक प्रश्न जरा जास्तच कानावर येऊ लागला: "एंडगेम टेबलबेसच्या एवढ्या फाइल्स उतरवायच्या, तर कुठली आली, कुठली राहिली, कुठली बिघडली, हे लक्षात कसं ठेवायचं?" उत्तर असं की लक्षात ठेवायचंच नाही. आधी यादी करायची, मग उतरवायला बसायचं. बहुतेकांचं उलटं चालतं. अर्धी डिस्क भरली की मग यादीची आठवण होते.

इथे बोलतोय ते सिझिजी टेबलबेसबद्दल. रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये काढलेली ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामला, चालते. पटावर ठरावीक मोहरे उरले की त्या मांडणीतल्या प्रत्येक स्थितीचा निकाल एका टेबलात असतो. प्रत्येक टेबलाच्या दोन फाइल्स. आरटीबीडब्ल्यू शेपटीची फाइल जिंकलं, हरलं की बरोबरी एवढंच सांगते. आरटीबीझेड शेपटीची फाइल पुढच्या प्याद्याच्या चालीपर्यंत किंवा मोहरा मारेपर्यंत किती चाली, ते सांगते. पन्नास चालींचा नियम (तेवढ्या चालींत प्यादं हललं नाही आणि मोहराही मारला गेला नाही तर बरोबरी) सांभाळून डाव जिंकायचा असेल तर ही दुसरी लागतेच. पुढे त्यांना नुसतं डब्ल्यू आणि झेड म्हणू.

आता यादी. ही कुणाकडून मागून घ्यायची गरज नाही, कागदावर मांडता येते, आणि आमच्या मते या सगळ्या उद्योगातली मजा इथेच आहे. दोन राजे पटावर असतातच. उरलेले मोहरे वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादं या पाच जातींतले. सहा मोहऱ्यांच्या टेबलात राजे सोडून चार जागा उरतात. चारही एकाच बाजूला असतील तर ७० प्रकार. तीन विरुद्ध एक असेल तर ३५ गुणिले ५, म्हणजे १७५. दोन विरुद्ध दोन असेल तर जोड्यांचे प्रकार १५, पण कुठली जोडी पांढऱ्याची आणि कुठली काळ्याची याने फरक पडत नाही, म्हणून १५ गुणिले १६ भागिले २, म्हणजे १२०. बेरीज ३६५. याच रीतीने तीन मोहऱ्यांची ५, चारांची ३० आणि पाचांची ११० टेबलं होतात. सहापर्यंत एकूण ५१०, आणि डब्ल्यू-झेड मिळून १०२० फाइल्स. सात मोहऱ्यांची आणखी १००१ टेबलं.

नावाचीही शिस्त आहे. इंग्रजी आद्याक्षरं (फक्त घोड्याला एन, कारण के राजाकडे गेलं), राजा आधी, मग वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं याच क्रमाने. जास्त मोहऱ्यांची बाजू डावीकडे, संख्या सारखी असेल तर वजनदार मोहऱ्याची बाजू डावीकडे. म्हणून राजा-हत्ती विरुद्ध राजा-प्यादं ही फाइल मिळेल, उलट्या नावाची शोधत बसलात तर मिळणार नाही. यादी स्प्रेडशीटमध्ये करा. रकाने: नाव, मोहरे, डब्ल्यू की झेड, बाइट्समध्ये आकार, चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर बिघडला की ती जुळत नाही), कुठल्या डिस्कवर, शेवटची तपासणी कधी. टेबलं वाटणाऱ्या साइटवर आकार आणि चेकसमच्या तयार याद्या असतात, त्या याच तक्त्यात ओता.

जागेचं थोडक्यात. पाच मोहऱ्यांपर्यंतचा सगळा संच एक जीबीच्या आत बसतो. सहांचा संच १४९ जीबी, पण हा विंडोज दाखवतं तो आकडा. डिस्कच्या खोक्यावरच्या हिशोबाने तो १६० जीबी होतो. २५६ जीबीची एसएसडी पुरते.

उतरवताना काय बिघडतं ते मात्र नीट समजून घ्या. ब्राउझरने एकेक फाइल ओढू नका. तीच फाइल चुकून दोनदा ओढली की नावाला कंसातला १ चिकटतो. इंजिन त्या नावाकडे ढुंकूनही बघत नाही, पण फोल्डरमधली मोजणी भरून येते. दुसरी गोष्ट, सर्व्हरने नकार दिला तर कधी कधी त्या नकाराचं पानच टेबलाच्या नावाने सेव्ह होतं. नाव अचूक, आत दोन-तीन केबीचा मजकूर. तिसरी सगळ्यांत फसवी. एरिया-टू किंवा टॉरंटसारखे डाउनलोडर सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा अडवून ठेवतात. वीज गेली आणि काम अर्ध्यावर राहिलं, तरी फाइलचा आकार बरोबर दिसतो, आत मात्र निम्मी शून्यं. एरिया-टूची खूण अशी की अपुऱ्या फाइलच्या शेजारी त्याच नावाची, एरिया-टू शेपटीची छोटी फाइल पडलेली असते. कचरा समजून ती पुसलीत की अर्धवट फाइल ओळखायची सोय गेली आणि डाउनलोड पुढे चालू करायचीही.

म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची. पहिली नावांची: डिस्कवरची यादी काढून मूळ यादीशी ताडायची, जे नाव एकाच बाजूला आहे ते वेगळं काढायचं. दुसरी आकाराची. सिझिजीच्या प्रत्येक फाइलच्या आकाराला ६४ ने भागलं तर बाकी १६ उरते. स्टॉकफिश हे इंजिन हीच कसोटी लावतं, पण ते टेबल पहिल्यांदा उघडताना. इंजिन सुरू होताना "५१० सापडली" म्हणतं तेव्हा त्याने फक्त नावं पाहिलेली असतात. तुटकी फाइल असेल तर ते मध्येच, ऐन विश्लेषणात, बंद पडतं. तिसरी पायरी चेकसम, आणि तिला पर्याय नाही. लिनक्सवर एमडी५सम, विंडोजवर सर्टयूटिल. शिवाय डी मान यांचं टीबीचेक आहे. प्रत्येक टेबलाच्या शेवटी १६ बाइट्सचा चेकसम ठेवलेलाच असतो, तो ते पडताळून बघतं. त्यामुळे बाहेरची यादी हाताशी नसली तरी अडत नाही. साध्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १०० एमबी वाचली गेली तर सहांचा संच तपासायला अर्ध्या तासाच्या आत काम होतं.

फोल्डर चार करा: पाचपर्यंतच्या डब्ल्यू, पाचपर्यंतच्या झेड, सहांच्या डब्ल्यू, सहांच्या झेड. डब्ल्यू फाइल्स इंजिन विचार करताना सतत चाळतं, त्या एसएसडीवरच हव्यात. झेड फक्त पटावरच्या प्रत्यक्ष स्थितीसाठी लागतात, त्या साध्या डिस्कवर राहिल्या तरी चालतात. स्टॉकफिश पोटफोल्डरांत शिरत नाही, म्हणून सिझिजी-पाथ या त्याच्या सेटिंगमध्ये चारही फोल्डर एकेक करून लिहावे लागतात. मध्ये विंडोजवर अर्धविराम, लिनक्स आणि मॅकवर अपूर्णविराम. निम्मी टेबलं सापडत नाहीत अशी तक्रार आली की आधी हेच बघायचं.

"आम्हाला हत्तींचेच एंडगेम हवेत, तेवढ्याच फाइल्स घेतल्या तर?" हाही नेहमीचा प्रश्न. राजा-हत्ती-प्यादं विरुद्ध राजा-हत्ती हे एक टेबल घ्या. प्यादं मारलं गेलं की हत्ती विरुद्ध हत्ती, आपला हत्ती गेला की हत्ती विरुद्ध प्यादं, समोरचा हत्ती गेला की एकट्या राजाविरुद्धचं टेबल. प्याद्याची बढती झाली की हत्तीच्या जोडीला वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा, म्हणजे पाच मोहऱ्यांचीच आणखी चार टेबलं. त्यांच्या पोटातली लहान टेबलं वेगळीच. सिझिजी फाइल लहान ठेवण्यासाठी जिथे मोहरा मारण्यानेच निकाल ठरतो तिथली नोंद कशीही भरून टाकते. खरं उत्तर खालच्या टेबलात असतं. खालचं नसेल तर वरचं असून नसल्यासारखं. म्हणून तक्त्यात लाल रंग आधी लहान टेबलांना द्या. पाच मोहऱ्यांचं एखादं हरवलं की सहांची कितीतरी लंगडी होतात.

गोव्यात दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळायच्या. जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, आणि एक्सफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर थेट उतरवू नका. लिहिता लिहिता वीज गेली तर त्या फाइल सिस्टिमला सावरायला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं. डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा आणि चवथ (गणेश चतुर्थी) आटोपून पाऊस ओसरला की सगळा संच एकदा चेकसममधून काढा. शक्य असेल तर उतरवूच नका, कुणाकडून तरी कॉपी करून घ्या. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर १६० जीबीला नऊ तास लागतात. फोंड्याहून मडगावला कदंबच्या बसमधून डिस्क त्याहून लवकर पोचते. मात्र कॉपी झाली की चेकसम आपल्या डिस्कवर पुन्हा लावायचा, देणाऱ्याने तपासली होती यावर भागवायचं नाही.

सात मोहऱ्यांबद्दल. ही टेबलं बोजून गुओ यांनी २०१८ मध्ये पूर्ण केली, सगळी मिळून सुमारे १८.४ टीबी. १०० एमबीपीएस अखंड मिळाले तरी १७ दिवस, आणि प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असेल तर साडेपाच महिने. एफएटी३२ फाइल सिस्टिम इथे बाद, कारण तिला चार जीबीवरची फाइल चालत नाही. "मग त्यातलं एकच घेऊ" म्हणाल, तर हत्ती आणि दोन प्यादी विरुद्ध हत्ती आणि प्यादं हे घेऊन बघा. पांढऱ्याच्या दोन प्याद्यांच्या जागी १५ प्रकारच्या जोड्या येऊ शकतात, काळ्याच्या प्याद्याच्या जागी ५ मोहरे. सातांचीच ७५ टेबलं झाली, नुसत्या डब्ल्यू धरल्या तरी ७५ मोठ्या फाइल्स. तेवढ्यासाठी बुद्धिबळाच्या लिचेस साइटवर स्थिती मांडा, सात मोहऱ्यांपर्यंतचं उत्तर तिथे फुकट मिळतं.