वासराला सलाईन किती?

दौंड-बारामती पट्ट्यातल्या गोठ्यात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित वासरू हगवणीने आडवं झालं की पहिला प्रश्न येतो, सलाईन किती? गाईचं माप वजनाच्या प्रमाणात खाली आणून उत्तर काढलं तर ते कमी पडतं.

नवजात वासराच्या वजनात पाणी ७० ते ७५ टक्के असतं. गाईत साधारण ६०, लठ्ठ असेल तर आणखी कमी, कारण चरबीत पाणी फारसं मावत नाही. पण खरा फरक आहे तो पाणी कुठे साठलंय यात. वासराचं निम्म्याहून जास्त पाणी पेशींच्या बाहेर असतं, गाईचं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हगवणीत जातं ते हेच बाहेरचं पाणी, सोबत सोडियम. शिवाय गाईच्या कोटीपोटात पाण्याचा मोठा साठा असतो, त्यावर ती तग धरते. वासराचं कोटीपोट अजून तयारच नसतं.

रक्त वासरात किलोमागे ८० ते ९० मिली, गाईत ५५ ते ६०. म्हणजे ३५ किलोच्या वासरात जेमतेम ३ लिटर, ४५० किलोच्या गाईत सुमारे २५.

डोळा खोबणीत ३-४ मिलिमीटर आत गेलाय, मानेची चिमटीत धरलेली कातडी पटकन बसत नाही, तर पाण्याची तूट वजनाच्या ८ टक्के धरा. ३५ किलोला २.८ लिटर. दिवसभर पुढे जाणारं पाणी त्याहून वेगळं. हाडं निघालेल्या वासराचे डोळे चरबी झडल्यानेही आत जातात, तेव्हा एकट्या डोळ्यावर भरवसा नको. चोखत असेल तर कोमट ओआरएस दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. दूध तोडू नका, फक्त दूध आणि ओआरएसच्या मध्ये किमान दोन तास जाऊ द्या, ओआरएसमधल्या बायकार्बोनेटमुळे दूध चौथ्या पोटात साकळत नाही. चोखणं थांबलं, तोंड गार पडलं, तर डॉक्टरांकडून शिरेतूनच.

गोचीडताप आणि हगवण एकत्र असेल तर पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा किती हे सांगणारा आकडा, हमखास फसवतो. तांबड्या पेशी घटलेल्या असतात, पण रक्तातला पातळ भागही आटलेला, म्हणून आकडा बरा दिसतो. सलाईन चढलं की तोच कोसळतो. पाणी भरून निघाल्यावर पीसीव्ही पुन्हा मोजलाच पाहिजे.

रक्त चढवायचं ठरलं तर किलोमागे १० ते २० मिली, म्हणजे या वासराला ३५० ते ७००. रक्त साकळू नये म्हणून ९ भाग रक्ताला १ भाग ३.८ टक्के सोडियम सायट्रेट. पहिली दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश. थरथर किंवा धाप दिसली की लगेच बंद. पहिली खेप बहुधा सोसते, पण ज्या गाईचं रक्त दिलं, आठवड्यानंतर तिचंच पुन्हा देण्यात धोका वाढतो.