आषाढातला त्र्यंबक रोड

रविवार, रात्री ९

आज नाशिकहून सायकलने त्र्यंबकला जाऊन आले. जाताना पायडल मारण्याचा निव्वळ वेळ अडीच तास, येताना एक तास पाच मिनिटं. आकडे आधी लिहून ठेवते, उद्यापर्यंत पुसट होतील. गेल्या वर्षी याच दिवसांत मी महिरावणीच्या चहाच्या टपरीवरून परत फिरले होते. टपरीमागे उभं राहून रडले होते, हे तेव्हा वहीत लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

आप्पांची खूप आठवण आली आज. आमचं गाव अंजनेरीच्या अलीकडचं. आप्पा सातपूरच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जायचे, काळ्या दांडीच्या सायकलवर. गिअर नाहीत, मडगार्ड पत्र्याचे, कॅरिअरला डबा बांधलेला. सकाळी जाताना उतार आणि पावसाळ्यात वाराही पाठीला. साडेतीनला शिफ्ट सुटली की तोच रस्ता चढाचा व्हायचा आणि तोच वारा छातीवर यायचा, तोही दिवसातला सगळ्यात जोराचा. कधी पाचला घरी, कधी साडेसहाला. आई दारात. सायकल भिंतीला लावता लावता आप्पा म्हणायचे, "वारा होता." पुढे काही नाही. पाय धुवायचे आणि चहाला बसायचे.

दुपारचा वारा जास्त का, हे मला सायकल चालवायला लागल्यावर कळलं. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसून राहते आणि वरचा वेगवान वारा तिच्यावरून निघून जातो. दिवस तापला की खालची-वरची हवा घुसळली जाते आणि वरचा जोर जमिनीपर्यंत उतरतो. आषाढात ढगांमुळे हा फरक उन्हाळ्याइतका जाणवत नाही, पण असतो. म्हणून आम्ही पावणेसहाला निघतो.

आज तिघंच होतो. मी, आमच्या गटातले निवृत्त काका आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा. गोल्फ क्लब मैदानापाशी भेटलो. ॲपवर वारा ताशी ३२ किलोमीटर दाखवत होता, झोत पंचेचाळीसचे. हा आकडा १० मीटर उंचीवरचा असतो. सायकलवरच्या माणसाच्या उंचीला तो कमी लागतो, म्हणून मी मनात चोवीस-पंचवीस धरला. काका ॲप बघत नाहीत. ते निलगिरीचे शेंडे बघतात. "ताई, आज कंबरेपासून हलताहेत झाडं," एवढंच म्हणाले.

सातपूरपर्यंत काही कळत नाही. इमारती, कंपन्यांच्या भिंती, रस्त्याकडेची झाडं, सगळं आडोशाला असतं. पपया नर्सरी मागे पडली, पिंपळगाव बहुला गेलं आणि बेळगाव ढग्याच्या आसपास डावी-उजवी मोकळी झाली, तसा तो आला. जवळजवळ नेमका समोरून. त्र्यंबक नाशिकच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे कललेलं. पावसाळी वाराही पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा. या रस्त्याला त्यामुळे सुटका नाही. घाट एकदा संपतो, वळणावर थोडी उसंत देतो. हा वारा माथा नसलेल्या चढासारखा वाटतो.

गेल्या वर्षी मी इथेच चुकले. शांत हवेत या भागात माझा वेग अठराच्या आसपास असतो. तोच अठराचा आकडा सायकलच्या मीटरवर टिकवायचा म्हणून मी जड गिअरवर उभी राहून पायडल दाबत होते. काही किलोमीटर दाबलं. मग उजवा गुडघा धरला, श्वास तुटायला लागला, आणि मीटर तेराच्या वर जाईना. तेव्हा मला वाटलं की मी कमी पडते, वय झालं, सराव नाही. खरं कारण साधं गणिताचं होतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि इथला वेग म्हणजे आपल्याला लागणाऱ्या हवेचा, मीटरवरचा नव्हे. मी ताशी १२ ने चालले आणि समोरून २४ चा वारा असेल, तर अंगावर येणारी हवा ३६ ची. शांत हवेतल्या अठराच्या दुप्पट, म्हणजे विरोध चौपट. त्या वाऱ्यात अठरा टिकवणारी माणसं वेगळ्या ताकदीची असतात. हे गणित कळल्यावर मला किती हलकं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही. वर्षभर मी स्वतःला उगाच बोल लावत होते.

आज बेळगाव ढग्यापाशी मीटरवर रुमाल बांधला. मुलाने विचारलं, "ताई, मीटर बिघडला का?" म्हटलं, नाही रे, आज त्याचं काम नाही. गिअर दोन पायऱ्या उतरवले. पायडल एका लयीत फिरत राहतील, चार शब्द बोलता येतील इतकाच दम लागेल, हे धरून चालले. कोपर वाकवलं, खांदे खाली, हनुवटी हँडलच्या जवळ. वाऱ्याला जी अडवते ती मुख्यतः आपली छाती. सायकलीचा वाटा त्यामानाने लहान. सरळ बसण्यात आणि वाकून बसण्यात किती फरक पडतो ते करून बघण्यासारखं आहे: वारा जोरात असताना क्षणभर ताठ व्हायचं, सायकल लगेच जड होते. मी पूर्वी ढगळ रेनकोट घालायचे. त्याचं शीड होतं. आता अंगाला बसणारं जॅकेट, चेन वरपर्यंत लावलेली. भिजायचं तर भिजायचं.

काका पुढे होते. मी त्यांच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची बरीच ताकद वाचते, आणि समोरचा वारा जितका जोराचा तितका हा आडोसा मोलाचा. आम्ही मिनिटा-दीड मिनिटाने पुढचा माणूस बदलत होतो. त्याहून जास्त वेळ कुणी पुढे राहिलं की तो दमतो आणि मग तिघंही दमतात. हे काकांनी मला दोन वर्षांपूर्वी शिकवलं. मुलाचं रक्त तरुण, तो पुढे आला की वेग वाढवतो. काकांनी त्याला मोठ्याने सांगितलं, "बाळा, पुढचा माणूस मागच्यासाठी चालवतो." त्यानंतर तो मागे वळून बघून चालवायला लागला. पाऊस असताना मी मात्र अंतर वाढवते. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि पुढच्याच्या चाकाचं पाणी डोळ्यांत येतं.

महिरावणीला टपरी उघडी होती. थांबले नाही. बघितलं फक्त.

पुढे डावीकडे अंजनेरीचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला. डोंगराजवळ वारा एकसारखा राहत नाही, तुकड्यातुकड्याने येतो. एखादा झोत असा येतो की पायडल मारूनही सायकल जागेवरच आहे असं वाटतं. तळेगावच्या पुढच्या एका चढावर मी उतरले. शांतपणे उतरले आणि दोनेकशे मीटर चालत गेले. आप्पा नेमके याच बाजूला उतरायचे. लहानपणी त्यांच्यासोबत दांडीवर बसून येताना मला त्याची लाज वाटायची, कारण एसटीतली माणसं बघायची. मी विचारलं होतं एकदा, आपण का उतरतो. ते म्हणाले होते, "घरी गेल्यावर जनावरांचं पाणी काढायचंय अजून." त्या उत्तराचा अर्थ मला आज त्या चढावर, हातात सायकल धरून चालताना लागला. ताकद राखून ठेवायची होती त्यांना. आठ तास मशीनवर उभं राहून आलेला माणूस रस्त्याला सगळं देऊन टाकू शकत नव्हता.

नंतर पेगलवाडीच्या फाट्यावर केळी आणि राजगिऱ्याची चिक्की. समोरच्या वाऱ्यात खाणं-पिणं किलोमीटरवर मोजायचं नाही, घड्याळावर मोजायचं. तीस किलोमीटरला एरवी पावणेदोन तास लागतात म्हणून तेवढंच पाणी घेतलं, तर शेवटचा पाऊण तास कोरडा जातो. गार हवेत तहान लागत नाही, हा आणखी एक घोटाळा. दर वीस मिनिटांनी दोन घोट, तहान असो-नसो.

त्र्यंबकला पोहोचलो तेव्हा ब्रह्मगिरी दिसतच नव्हता. घरून फोन आला, एवढा उशीर का. "वारा होता," म्हटलं आणि फोन ठेवल्यावर काही क्षण तशीच उभी राहिले.

येतानाचं काय लिहू. पाठीचा वारा ऐकू येत नाही. जाताना कानात सतत फडफड होती, मागची गाडी अगदी जवळ आल्यावर कळत होती. त्यासाठीच मी हँडलला आरसा लावलाय. वळलो आणि एकदम सगळं शांत. चेनचा आवाज, टायरखालच्या पाण्याचा आवाज, भातखाचरांतल्या बायकांचं बोलणं, सगळं ऐकू यायला लागलं. आपण वाऱ्याच्याच वेगाने चाललेलो असलो की आपल्याभोवतीची हवा जवळजवळ स्थिर असते. भुरभुर पाऊस सरळ खाली पडताना दिसला, आणि मला घाम आला. वेळेचा हिशेब मात्र जमत नाही. जाताना वाऱ्याने माझी ४५ मिनिटं घेतली, येताना २५ परत दिली. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो आणि पाठीच्या वाऱ्यात कमी, म्हणून हे खातं कधीच जुळत नाही. तरी पावसाळ्यात मी हाच रस्ता निवडते. दमलेल्या पायांनी परत येताना उतार आणि वारा दोन्ही सोबतीला असतात. हिवाळ्यात वारा बहुतेकदा पूर्वेकडचा असतो, तेव्हा येताना उतार असूनही पायडल मारत यावं लागतं. निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघायची ती एवढ्याचसाठी: आधी वाऱ्याच्या तोंडाला जायचं, परत येताना तो पाठीला घ्यायचा.

मला खरी भीती वाटते ती आडव्या वाऱ्याची. पंधरा दिवसांपूर्वी दिंडोरी रोडला गेलो होतो, ते अजून अंगावर येतं. तो रस्ता उत्तरेला जातो. जाताना पश्चिमेचा वारा डावीकडून येतो आणि आपल्याला रस्त्याच्या मध्याकडे, गाड्यांकडे ढकलतो. येताना तो उजवीकडून. मला वाटलं, आता बरं, कडेला ढकलतोय. ढकांब्याच्या अलीकडे मागून एक ट्रक आला. मी वाऱ्याला टेकून उजवीकडे कललेली होते. ट्रक शेजारी आला तसा वारा भिंत पडावी तसा बंद झाला, आणि मी कललेली ती ट्रकच्याच बाजूला ओढली गेले. सेकंदभर. ट्रक पुढे गेला आणि वारा परत आदळला, तशी डावीकडे मातीत. पडले नाही. हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

तेव्हापासून आरशात मोठी गाडी दिसली की मी आधीच पायडल सावकाश करते, हँडल सैल पण दोन्ही हातांनी धरते आणि कडेला दोन हात मोकळी जागा ठेवते. अगदी कडेला चिकटून चालवलं तर वारा सरकवेल तेव्हा जायला जागा उरत नाही. पूल, भिंतीचा शेवट, द्राक्षबागेची हिरवी नेट जिथे संपते ती जागा, उभ्या कंटेनरची मागची बाजू, या ठिकाणी वारा अचानक येतो हे आता डोळ्यांना सवयीचं झालंय. झोत आला की हँडल आवळलं तर सायकल आणखी भरकटते. आणि वारा आडवा असताना तिरक्या रांगेने एकमेकांच्या आडोशाला राहायची परदेशी शर्यतींतली पद्धत आपल्या रस्त्यावर कुणी करू नये. त्याला अख्खा रस्ता लागतो. एकामागे एक, अंतर ठेवून, बस्स. ट्रक जास्त असतील आणि झोत पंचेचाळीसच्या वर असतील तर मी दिंडोरी रोडला जाणार नाही. काकांनाही सांगितलंय तसं.

२०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी दोघांच्या संघातून रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्या मार्गावर कॅन्ससची मैदानं आहेत, जिथे आडवा वारा दिवसभर झोडपतो. तेव्हा मी सायकल चालवत नव्हते, पेपरात फोटो बघितले होते. आता तो फोटो आठवला की मला त्यांचे पाय आठवत नाहीत, वाकलेल्या पाठी आठवतात.

गुडघा दुखत नाहीये. तीन वेळा जिना चढून बघितला. मीटरवरचा रुमाल सुकत घातलाय. मागच्या ब्रेकचे रबर चिखलाने झिजलेत, गुरुवारी बदलून घ्यायचे. मुलाचा मेसेज आलाय, पुढच्या रविवारी परत त्र्यंबक का म्हणून. वारा बघून सांगते म्हटलंय.