जिलबीच्या कागदावरचा आकडा

रविवारी सकाळी भाचा इंदूरच्या छप्पन दुकानवरून पोहे-जिलबी घेऊन आला. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरेपर्यंत जिलबीचा पाक पुडीच्या कागदात झिरपला होता. त्याच कागदाच्या कोरड्या कडेला त्याने लिहिलं, ३८१६५४७२९०. दहा आकडे, म्हणजे कुणाचा तरी मोबाइल असणार. पण ३ ने सुरू होणारा मोबाइल आपल्याकडे कुठला?

"मावशी, डावीकडून एकेक आकडा वाढवत जा आणि भागून बघ."

३८ ला २ ने भाग जातो. ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, असं करत अख्ख्या संख्येला १० ने. बाकी कुठेच नाही. वर ० ते ९ सगळे अंक हजर, तेही एकेकदाच. हे सगळं जमवणारी ही एकटीच संख्या.

आमच्या आईला हे कधी जमलं नाही. पंगतीला एक पाहुणा वाढला की साटोरीची अर्धी, अर्धीची पाव, आणि तरी एक तुकडा डब्यात उरायचाच.

दुपारची झोप मोडून मी वही घेऊन बसले. शेवटी ०, पाचव्या जागी ५, सम जागांवर सम अंक, एवढं सरळ आहे. चौथा, पाचवा, सहावा मिळून २५८ तरी येतात नाहीतर ६५४. ९ ची काळजीच नको. १ ते ९ ची बेरीज ४५, तिला ९ ने भाग जातोच, कसेही मांडा. दहा अंकांच्या ३६,२८,८०० मांडण्या, त्यातल्या चाळून चाळून दहाच उरल्या.

आणि मग आला ७. हा पाहुणा मुलखाचा तिरसट. त्याची विभाज्यतेची कसोटी मला तरी शाळेत कुणी शिकवली नव्हती, त्यामुळे दहाही जणींना खरोखर भागून पाहिलं. नऊ जणी दारातूनच परत गेल्या. त्यांतली १४७२५८९६३० काय देखणी होती! फोनच्या बटणांवर बोट फिरवून बघा: पहिल्या उभ्या ओळीतून खाली, दुसरीतून खाली, तिसरीतून वर, मग शून्य. मी मनातून तिच्याच बाजूने होते. पण १४७२५८९ ला ७ ने भागलं आणि बाकी ६. पुन्हा भागलं, पुन्हा ६.

संध्याकाळी वही दाखवायला भाच्याला हाक मारली. ताटलीत सकाळच्या जिलब्या चार आणि घरात माणसं तीन. चौथीला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून निभावलं.