सेफमधली स्नॅपशॉटवाली इमेज डिलीट करताना आलेला माझा अनुभव

आमच्याकडे स्टोरेज सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच स्टोरेज करणारं सॉफ्टवेअर) क्लस्टरवर आहे, पूल (त्यातली इमेजेस ठेवायची जागा) भरत आला म्हणून बंद झालेल्या व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) जुन्या आरबीडी इमेजेस, म्हणजे सेफवरच्या व्हर्च्युअल डिस्क, काढायचं काम माझ्याकडे आलं. पहिलीच ५०० जीबीची. आरबीडी आरएम (इमेज डिलीट करायची कमांड) मारलं तर सरळ नकार, इमेजला स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या डेटाच्या गोठवलेल्या प्रती) आहेत, आधी ते काढा. स्नॅप पर्ज (सगळे स्नॅपशॉट काढायची कमांड) केलं तर एक स्नॅपशॉट प्रोटेक्टेड (डिलीट होऊ नये म्हणून लॉक केलेला) म्हणून राहिलाच, अनप्रोटेक्ट करायला गेलो तर तेही होईना. मग आरबीडी चिल्ड्रन (स्नॅपशॉटचे क्लोन दाखवणारी कमांड) चालवलं तेव्हा कळलं, त्या स्नॅपशॉटवरून काढलेले क्लोन (त्यावर बेतलेल्या नव्या इमेजेस) टेस्टिंगच्या चालू मशीन्सना लावलेत!

म्हणजे सेफने अडवलं ते योग्यच होतं. क्लोनकडे फक्त बदललेला डेटा असतो, बाकी सगळं तो पॅरेंटच्या (मूळ इमेजच्या) स्नॅपशॉटमधूनच वाचतो, पॅरेंट गेला असता तर ती मशीन्स तिथल्या तिथे बसली असती. ह्यावर उपाय म्हणजे फ्लॅटन, पॅरेंटमधला डेटा क्लोनमध्ये कॉपी होतो आणि क्लोन स्वतंत्र होतो, मशीन बंद करायची गरज नाही. पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, जागा मोकळी व्हायच्या आधी वाढते. क्लोनला पॅरेंटमधला ४० जीबी लागत असेल तर रेप्लिका ३ (प्रत्येक डेटाच्या तीन प्रती) असल्यावर डिस्कवर १२० जीबी जातात, आणि सेफची डीफॉल्ट वॉर्निंग डिस्क ८५ टक्के भरली की येते, ९५ ला तर राइट्सच थांबतात. म्हणून दर वेळी सेफ डीएफ (किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) बघून रात्री एकेक क्लोन फ्लॅटन केला, मग अनप्रोटेक्ट, पर्ज, आरएम, सगळं निमूट झालं.

एका इमेजची फक्त साइज वाढवायची होती, ती स्नॅपशॉट असतानाही आरामात वाढली. जुना स्नॅपशॉट मात्र जुन्याच साइजचा राहतो, त्यावर रोलबॅक केलं (इमेज त्या स्नॅपशॉटच्या स्थितीत परत नेली) की इमेज परत लहान होते, तेव्हा आधी स्नॅप एलएस (स्नॅपशॉटची यादी) मधला साइजचा कॉलम बघाच.

एलव्हीएम (लिनक्समधला डिस्क व्हॉल्यूम सांभाळणारा भाग) वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे उलटं आहे. साध्या स्नॅपशॉटचा ओरिजिनल व्हॉल्यूम एलव्हीरिमूव्ह कमांडने काढला की स्नॅपशॉटही त्याच्याबरोबर जातात, विचारतं एकदा, पण स्क्रिप्टमध्ये वाय फ्लॅग (-y, म्हणजे आधीच 'हो') टाकून ठेवला असेल तर तेही विचारत नाही.