टॅल्बट यार्डातला अकार

लंडनमधली अर्धी दुपार कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभे राहण्यात घालवली, हे घरी सांगितले तेव्हा कोणालाच पटले नाही. परंतु त्या चार दिवसांतले आज लख्ख आठवते ते तेवढेच.

सकाळी, तिकिटाचे पौंड रुपयांत मोजण्याची चूक करून, वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीच्या थडग्यापाशी पोहोचलो. कवींच्या त्या कोपऱ्यात एवढी गर्दी होती, पण बहुतेक जण त्याच्याकडे पाठ करून इतरांच्या स्मारकांचे फोटो काढत होते, आणि मला उगाच राग आला. खरे तर 1400 साली जेफ्री चॉसरला तिथे पुरले ते कवी म्हणून नव्हेच. राजाच्या चाकरीत आयुष्य घालवलेला आणि ॲबेच्या आवारातच भाड्याने राहणारा माणूस म्हणून. राखाडी दगडाचे आजचे थडगे 1556चे. पुढे 1599 मध्ये स्पेन्सर या कवीला त्याच्याजवळ जागा मिळाली आणि हा शेजार मानाचा ठरला. म्हणजे ज्यांचे फोटो निघत होते, त्यांना तो कोपरा चॉसरमुळेच लाभला होता.

दुपारी थेम्स ओलांडून साऊदर्कला गेलो. बरो हाय स्ट्रीटवरून आत वळणारा टॅल्बट यार्ड हा बोळ सापडेपर्यंत दोनदा पुढे निघून गेलो. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या कथाकाव्यातले, कँटरबरीला निघालेले यात्रेकरू जिथे जमतात ती टॅबर्ड सराई इथली, 1676च्या आगीत ती जळाली, पुन्हा उभी राहिली आणि 1870च्या दशकात पाडली गेली. आता तिथे इमारतींच्या मागच्या भिंती, मालाच्या गाड्या, ते डबे आणि 2003 साली लावलेली एक निळी पाटी आहे. टेकायला साधा कट्टाही नाही.

आसपास कोणी नाही असे पाहून मी त्या काव्याच्या प्रास्ताविकाच्या पहिल्या दोन ओळी मोठ्याने म्हटल्या. कॉलेजात आम्ही त्यांचे शेवटचे शब्द ‘सूट’, ‘रूट’ अशा आजच्या उच्चारांनी शिकलो होतो आणि त्या लंगडत चालत. चॉसरच्या काळी अशा शब्दांच्या शेवटी एक हलका ‘अ’ उच्चारला जाई. मराठी वाचकाला हे फोड करून सांगायला नको : बोलताना आपण ‘राम्’ म्हणतो, पण आर्येत त्याच अकाराची मात्रा भरते. चॉसरनंतर इंग्रजीतून तो स्वर गळून गेला, आणि चॉसरला डोक्यावर घेणाऱ्यांनाही त्याचे वृत्त ओबडधोबड वाटू लागले. 1700 साली ड्रायडन या कवीने चॉसरच्या कथांच्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याला इंग्रजी काव्याचा जनक म्हटले, पण त्याच प्रस्तावनेत त्याच्या ओळींत अक्षरे कमी पडतात अशी तक्रारही केली, आणि त्याच्या कथा आपल्या इंग्रजीत नव्याने लिहिल्या. 1775 पासून निघालेल्या ‘कँटरबरी टेल्स’च्या आवृत्तीत टिरिट या संपादकाने त्या अकाराचा हिशेब लावला, तेव्हा कुठे अक्षरे जुळली. गंमत अशी की ती दहा अक्षरांची ओळ इंग्रजीत रुजवली चॉसरनेच. शेक्सपिअरची नाटके आणि मिल्टनचे महाकाव्य तिच्यावरच उभे आहे, आणि शेक्सपिअरने तर ट्रॉयच्या युद्धातल्या ट्रॉयलसची कथा हाती घेतली तेव्हा त्याच्यापुढे त्याच कथेवरचे चॉसरचे काव्य होते. घर त्याने बांधून द्यायचे आणि राहणाऱ्यांनी त्यालाच ओळंबा शिकवायचा, असा हा वारसा.

अकारांसह ओळी पुन्हा म्हणत होतो, तोच मागून एका गाडीवाल्याने भोंगा वाजवला आणि मी मुकाट्याने डब्यांकडे सरकलो.

दुसऱ्या दिवशी कँटरबरीला गेलो. पाऊस होता, कॅथीड्रल भव्य होते, आणि त्याहून अधिक काही आठवत नाही. ग्रंथ अपुरा राहिल्यामुळे चॉसरचे यात्रेकरूही तिथे पोहोचत नाहीतच.