पिवळ्या फरशीच्या मागे मागे, ओकायामात

जपानला जायचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने आपापली यादी पुढे केली: क्योटो, फुजी, साकुरा. माझ्या यादीत सगळ्यात वर होता ओकायामा शहरातला एक चौक, जिथे आंधळ्यांना वाट दाखवणारी पिवळी फरशी पहिल्यांदा बसवली गेली. "चौक बघायला कुणी जपानला जातं का गं?" असं म्हणत ताई तयार झाली. मला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे. समोरचं थोडंफार दिसतं, कडेचं आणि पायाखालचं नाही. तेव्हा पांढरी काठी आणि तळपाय जे सांगतील तेच माझं स्थलदर्शन.

ओसाकाहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामा. उतरल्या उतरल्या पायाखाली पिवळ्या फरशा लागल्या. उभ्या पट्ट्यांची फरशी म्हणजे 'चालत राहा', गोल उंचवट्यांची म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. आपल्याकडच्या मेट्रो स्टेशनांतही त्या असतात, त्यामुळे एवढं ठाऊक होतं. नवीन कळलं ते फलाटाच्या कडेला. तिथल्या ठिपक्यांच्या रांगेला एका बाजूने एक लांब उंच पट्टी जोडलेली होती. ती नेहमी फलाटाच्या आतल्या अंगाला असते. नुसते ठिपके 'कड जवळ आहे' एवढंच सांगतात, पण गर्दीत दोनदा वळलेल्या माणसाला रूळ डावीकडे की उजवीकडे हे कसं कळावं? ही पट्टी पायाला लागली की कळतं. मी तिथे काठी आडवी फिरवून, बुटाने चाचपून, पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. ताई बॅगा धरून उभी. "झालं का तुझं फरशीदर्शन?"

पुढे कान कामाला लागले. जिन्याजवळ स्पीकरवरचे पक्षी, तिकिटाच्या गेटपाशी ठरावीक वेळाने 'पिंग-पाँग'. कठड्यावर ब्रेलमध्ये लिहिलेलं होतं, पण माझं ब्रेल अजून बाराखडीतच अडलेलं आहे, आणि जपानी ब्रेल तर निराळंच. फलाटावर एक व्हीलचेअरवरचा तरुण दिसला, म्हणजे ताईला दिसला. कर्मचाऱ्याने घडीचा रॅम्प डब्याला लावला, तो आत गेला, रॅम्प उचलला. उतरायच्या स्टेशनला आधीच कळवून ठेवतात, तिथेही कुणीतरी रॅम्प घेऊन उभं असतं. ताई भारावून गेली. मला मात्र वाटलं, त्याला दर वेळी आधी सांगावं लागतं, माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. फलाट आणि डबा एका पातळीत असता तर तो बाकीच्यांसारखा धावतपळत गाडी पकडू शकला असता. मदत चांगलीच, पण मदतीवाचून काम होणं जास्त चांगलं.

चौकाकडे बसने गेलो. या फरशीचा शोध ओकायामाच्याच सेइइची मियाके यांचा. एका मित्राची दृष्टी जात चालली होती, म्हणून 1965च्या सुमारास त्यांनी पदरचे पैसे घालून ती तयार केली. 18 मार्च 1967 रोजी इथल्या अंधशाळेजवळ, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 2वर, पहिल्या 230 फरशा बसवल्या गेल्या. आता कोपऱ्यावर स्मारक आहे. बाकी चौक अगदी साधा, गाड्यांचा घरघराट. पर्यटक म्हणाल तर आम्ही दोघीच. मी खूश होते.

जपानमध्ये बऱ्याच सिग्नलना आवाज असतो: एका दिशेला 'पियो पियो', आडव्या दिशेला 'कक्को'. कुठला रस्ता मोकळा झाला ते कानावरून कळतं. पण रात्री अनेक ठिकाणी तो बंद ठेवतात, शेजारपाजारच्यांच्या झोपेसाठी. आंधळ्या माणसाने रात्री घराबाहेर पडू नये असं कुणी म्हणत नाही, फक्त सिग्नल बंद होतो.

फरशीलाही विरोधक आहेत, आणि त्यातली एक माझ्या शेजारीच चालत होती. चाकांची बॅग त्या पट्ट्यांवरून ओढताना खडखडाट व्हायचा आणि ताईचा मनगटासकट संताप. व्हीलचेअर, वॉकर, बाळाची गाडी यांनाही ते उंचवटे त्रास देतात. उंची जेमतेम 5 मिलिमीटर, पण चाकाला ती जाणवतेच. तक्रार खोटी नाही. म्हणून फरशा उपटायच्या का? नाही. शेजारी सपाट वाट राहील एवढी रुंदी फुटपाथला हवी. आमच्या वाटेत मात्र पट्ट्यांवरच एक सायकल उभी होती. काठी आधी तिच्या चाकाला लागली, मग पेडलला. या बाबतीत जपानही आपल्यासारखंच. तिथे 'फरशीवर काही ठेवू नका' अशा मोहिमा चालवाव्या लागतात.

सगळ्यात मोठा आनंद हॉटेलच्या बाथरूममध्ये मिळाला. एकसारख्या दोन बाटल्या, पण शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक खाचा. काओ कंपनीने 1991मध्ये ही पद्धत सुरू केली आणि मग इतरांनीही उचलली. अंघोळीत डोळे मिटलेल्या प्रत्येकाला ती उपयोगी. चष्मा काढल्यावर ताईलाही.

कुणी जाणार असाल तर काठी बॅगेत न ठेवता हातात ठेवा, ती बघून स्टेशनवरचे लोक आपणहून विचारतात. रॅम्प लागणार असेल तर गेटवरच सांगा आणि थोडा वेळ हाताशी ठेवा. आणि देवळांच्या आवारात खडी असते, तिथे पिवळी फरशी नसते. तिथे मी ताईचा दंड धरला आणि तिने बॅग उचलून घेतली.