तुम्ही विचारलंत म्हणून: ऑटोपायलट उतरवतो, मग तुम्ही काय करता?

लग्नाची पंगत असो, भुसावळला गाडीची वाट बघणं असो, आजारी काकूंची विचारपूस असो, मी वैमानिक आहे हे कळलं की प्रश्न तोच. ‘इमान आपलंआपण उतरस ना भाऊ, मंग तू काय करस?’ आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाचं सांगून टाकतो.

ऑटोपायलट उतरवतो हे खोटं नाही. आयएलएस, म्हणजे धावपट्टीजवळची रेडिओ यंत्रणा, असेल तिथे तो जमिनीवरून येणारा सिग्नल पकडून मुकाट खाली येतो. पण तशी सोय नसेल किंवा तिचा ग्लाइडस्लोप, म्हणजे उताराचा सिग्नल, बंद असेल, तर खाली कसं यायचं ते त्याला आम्हीच सांगतो. व्ही-नॅव्ह लावलं तर तो कॉम्प्युटरने आखलेल्या तीन अंशांच्या उताराने येतो, सागरी मैलाला साधारण तीनशे फूट. व्हर्टिकल स्पीड लावलं तर मिनिटाला सांगितले तेवढे फूट, बस. धावपट्टी कुठे आहे याच्याशी त्या मोडला देणंघेणं नाही. चाक फिरवून आकडा द्या, तो इमानेइतबारे खाली जात राहील.

१९९२ साली स्ट्रासबर्गजवळ एअरबस ए-३२० डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. वैमानिकांना बहुधा ३.३ अंशांचा उतार हवा होता आणि विमान मिनिटाला ३३०० फुटांनी खाली जात होतं, असं तपासात निघालं. पॅनेलवर एकात दिसायचं ३.३, दुसऱ्यात ३३, फरक एका टिंबाचा. पुढे एअरबसने ते बदललं. आपल्याकडे १९९०मध्ये बंगळुरूला ए-३२० पडलं, तिथेही चुकीचा मोड होताच. तेव्हा ‘आपोआप’ हा शब्द जरा जपून वापरा.

मी को-पायलट होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळा, खाली दाट ढग, ग्लाइडस्लोप बंद. पुढच्या विमानामुळे कंट्रोलरने आम्हाला बराच वेळ वर ठेवलं. धावपट्टीपासून सात मैलांवर आम्ही तीन अंशांच्या वाटेच्या सहाशे फूट वर. एवढ्या वरून व्ही-नॅव्ह ती वाट पकडेना. कॅप्टनने व्हर्टिकल स्पीड लावलं, उणे पंधराशे. इथवर ठीक, मीही तेच केलं असतं. पाच मैलांवर आम्ही वाटेवर आलो. आता आकडा निम्म्यावर आणायला हवा होता. चाकाकडे कुणाचा हात जाईना. मी म्हटलं, “सर, सिंक रेट.” म्हणजे फार वेगाने खाली जातोय. ते म्हणाले, “हो.” चार मैलांवर साडेबाराशे फूट हवेत, आम्ही हजाराच्या खाली आणि सुई पंधराशेवरच. बाहेर नुसता पांढरा रंग. हजार फुटांवर सगळं स्थिर नसेल तर वर जायचं, हा नियम. मी म्हटलं, “गो अराउंड.” दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा आवाज चढला.

वर गेलो, फेरी मारली, व्यवस्थित उतरलो. त्या दिवशी ते माझ्याशी चेकलिस्टपलीकडे एक शब्द बोलले नाहीत. पुढे बरेच दिवस ‘हा ओरडणारा पोरगा’ अशी माझी ओळख होती. मी कमी करतच होतो, असं त्यांचं म्हणणं. करत असतीलही. मला तरी हात हललेला दिसला नाही.

त्याआधी मीच म्हणायचो, व्ही-नॅव्ह आळश्यांचं, खरा वैमानिक व्हर्टिकल स्पीडवर गणित करत उतरतो. त्यानंतर उलट टोक गाठलं: व्ही-नॅव्ह सोडून काही नाहीच. मग ऊन आठवलं. व्ही-नॅव्हची ती वाट हवेच्या दाबावर मोजलेली असते आणि उंची दाखवणारा अल्टिमीटर समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरून चालतो. आपल्या जळगावसारखं ४५ अंश तापलेलं असेल तर विमान काट्यापेक्षा खरोखर वर असतं आणि तीन अंशांचा उतार सव्वातीनच्या आसपास होऊन बसतो. थंडीत उलट, म्हणजे विमान खालून येतं, ते जास्त वाईट. दाबाचा आकडाच खऱ्यापेक्षा जास्त भरला तर अख्खी वाट खाली सरकते आणि कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही. म्हणून व्ही-नॅव्हवरही मैल आणि फूट तोंडाने मोजतच येतो. मग माझं आधीचं गणितवालं म्हणणं अगदीच वेडेपणाचं होतं का? कुणास ठाऊक.

भाचा सध्या टाइप रेटिंग, म्हणजे एका जातीचं विमान चालवायचं प्रशिक्षण, करतोय. परवा त्याने विचारलं, “मामा, शेवटी कोणता मोड बरा?” म्हटलं, स्क्रीनच्या वरच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत जो मोड लिहिलाय तो आधी मोठ्याने वाच. “ते तर रोज वाचतो,” म्हणाला, “बरा कोणता ते सांगा ना.”

मी विषय बदलला.